भिंगरीला पडू द्यायचं नाही

गादीवाल्याला कुठलीही अडचण सांगितली की तो आधी खिशातून टेप काढायचा. छत गळतंय म्हटलं तरी टेप, बायको रुसली तरी टेप. रुसव्याचं माप घेता येत नाही हे त्याला कळत होतं, पण हातात काहीतरी असलं की त्याला धीर यायचा. कारागीर मात्र पहिल्या नंबरचा. त्यानं भरलेल्या खुर्चीवर माणूस एकदा बसला की उठायची टाळाटाळ करायचा. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, असा त्याचा संसार. दुकानात फोमचे ठोकळे, कापसाच्या गोण्या आणि रेक्झिनची भेंडोळी. घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. बायको टपाल कचेरीत पत्रं निवडायच्या कामावर होती, म्हणून मुलीला सांभाळायला सासूबाई रोज सकाळी पलीकडच्या गल्लीतून यायच्या.

मुलीचं खरं नाव लसीच्या कार्डावर लिहिलेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. सगळे तिला भिंगरी म्हणत. पाणी प्यायला जायचं असलं तरी ती दोन खुर्च्या आणि एक आजी ओलांडून जायची. अशा पोरीच्या अंगावर एखादा डाग दिसला तर त्याचं कुणाला काय वाटणार?

सगळं सुरू झालं ते एका फालतू सर्दीनं. आधी भिंगरी शिंकली, मग सगळं घर शिंकलं, चार दिवस नाकं लाल करून सर्दी निघून गेली आणि सगळे तिला विसरले. पंधरा दिवसांनी एका सकाळी सासूबाईंनी भिंगरीला आंघोळीला बसवलं आणि न्हाणीतूनच हाक मारली.

"जावईबापू, हातातलं ठेवा आणि इकडे या."

सासूबाईंच्या आवाजात असं काही होतं की गादीवाला तोंडातले खिळे न काढताच आला. भिंगरीच्या नडग्यांवर निळे डाग होते. ते नेहमीचेच. पण पाठीवर एक होता, पोटावर दोन होते, आणि पायांवर बारीक लाल टिपके होते, लाल शाईच्या पेनानं कुणीतरी फुरसतीनं काढल्यासारखे.

"कुणी मारलं गं तुला?" सासूबाईंनी नातीला विचारलं, पण डोळे जावयावरून हलले नाहीत.

"खुर्चीनं," भिंगरी म्हणाली.

"कुणाच्या खुर्चीनं?"

"बाबांच्या."

गादीवाल्यानं तोंडातले खिळे काढले. "आई, अहो, मी आजवर मुंगीला बोट लावलं नाही."

"मुंगीच्या अंगावर डाग नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बायको आली, तिनं लेकीला उजेडात नेलं, तोंड उघडायला लावलं, हिरड्यांवरचा लाल टिपका पाहिला आणि कचेरीत फोन करून रजा टाकली. ती फार बोलणारी बाई नव्हती. दिवसाला तीन हजार पत्रं योग्य खणात टाकणाऱ्या माणसाला आरडाओरडा परवडत नाही.

मुलांच्या डॉक्टरीणबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या आणि टेबलावर पाय हलवणाऱ्या मुलांकडे दुर्लक्ष करू शकणाऱ्या होत्या. त्यांनी रक्त काढलं, बोळा नेहमीपेक्षा बराच वेळ दाबून धरला आणि दुपारी अहवाल समोर ठेवून सगळ्यांना बसवलं.

"रक्तात प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशी असतात. कुठे लागलं, खरचटलं की त्या धावत जातात आणि भोक बुजवतात. म्हणून रक्त थांबतं. हिच्या त्या कमी झाल्यात."

"किती आहेत?" गादीवाल्यानं विचारलं.

"आठ हजार."

गादीवाल्याला बरं वाटलं. आठ हजार म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. "आणि किती पाहिजेत?"

"दीड लाखाच्या वर."

गादीवाल्यानं खिशात हात घातला आणि टेप घट्ट धरला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. सर्दीचा विषाणू अंगात शिरला, त्याला हाकलायला शरीरानं आपली फौज उभी केली, फौजेनं विषाणू हाकलला. पण कधीकधी लहान मुलांत या फौजेचा गोंधळ होतो. शत्रू गेला तरी ती थांबत नाही, आणि समोर दिसणाऱ्या आपल्याच प्लेटलेट्सना शत्रू समजून संपवत सुटते.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तेच, आजी. आणि हे कुणाच्या मारण्यानं होत नाही."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं नाही, पण पदराआडून बिस्किटाचा पुडा काढून त्याच्या पुढ्यात सरकवला. त्यांच्या घराण्यात माफी अशीच मागतात.

"औषध काय द्यायचं?" बायकोनं विचारलं.

"सध्या काही नाही. ती खेळतेय, कुठून रक्त वाहत नाही. बहुतेक मुलं काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपणहून बरी होतात. वाट बघायची, दर आठवड्याला रक्त तपासायचं. दुखण्या-तापाचं कुठलंही औषध मनानं द्यायचं नाही. नाकाचं रक्त दाबून धरूनही थांबलं नाही, डोकं दुखतं म्हणाली, उलट्या झाल्या, की एक क्षण न थांबता इकडे यायचं. आणि डोक्याला मार लागता कामा नये. डोक्यात रक्तस्राव क्वचित होतो, पण झाला तर वाईट. तेव्हा दंगामस्ती नाही, उड्या नाहीत. पडू देऊ नका."

एवढ्या सगळ्यातलं गादीवाल्याच्या कानात शेवटचंच राहिलं. बहुतेक मुलं बरी होतात हे बायकोनं ऐकलं, आपणहून होतात हे सासूबाईंनी ऐकलं. गादीवाल्यानं ऐकलं, पडू देऊ नका. आणि खरं सांगायचं तर ते ऐकून त्याला मनातल्या मनात थोडा आनंदच झाला. रक्तातलं त्याला काही कळत नव्हतं, पण हे कळत होतं. हे त्याचं काम होतं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी गादीवाल्याची फोमपर्यंत. घरी आल्याआल्या त्यानं दुकानाचं दार लावलं, गुडघ्यांवर बसला आणि भिंगरीच्या उंचीवरून आपलं घर पाहिलं. चार वर्षं तो या घरात लेकीबरोबर राहत होता आणि ते इतकं टोकदार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. टेबलाला चार कोपरे होते. पलंगाला चार पाय होते. दाराला कडी होती, नळाला चोच होती, उंबरठा तर वाटेतच पडला होता.

पहिल्या दिवशी कोपरे झाले. दुसऱ्या दिवशी पलंगाचे पाय, कडी आणि नळ. तिसऱ्या दिवशी भिंती, जमिनीपासून चार फुटांपर्यंत, आणि तेही कसं, तर बटणं मारून, चौकडी पाडून, कारण ओबडधोबड काम त्याच्या हातून होतच नव्हतं. चौथ्या दिवशी फरशी. दोन्ही खोल्यांत जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत चार इंची फोम अंथरला. पाचव्या दिवशी त्यानं लेकीचंच माप घेतलं आणि तिला कापूस भरलेलं जाकीट, गुडघ्यांना पट्टे आणि कानांवर येणारी जाड टोपी शिवली.

भिंगरीनं आरशात पाहिलं. "मी उशी झाले," ती म्हणाली, आणि बाबांसारखीच कामावर खूश दिसली.

बायको संध्याकाळी कामावरून आली, दारातच चप्पल काढून उभी राहिली. पाय टाकला तो घोट्यापर्यंत आत गेला. "अहो," ती म्हणाली, "आपण राहायचं कुठे?"

"थोडे दिवस गं."

फोम संपत आला होता आणि नवा माल यायला आठवडा होता. कपाटासमोरची जागा तेवढी उघडी राहिली होती. दुकानात वकीलसाहेबांचा सोफा उघडून पडला होता. वकीलसाहेब वजनदार असामी, शब्दशः. सोफ्याचं लाकूड त्यांच्याखाली मोडलं होतं, पण आतला फोम बदलायचा नाही अशी त्यांची ताकीद होती. वीस वर्षं बसून त्यांनी त्यात स्वतःसाठी एक खड्डा तयार केला होता आणि दुसऱ्या खड्ड्यात आपल्याला चैन पडणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. गादीवाल्यानं त्या खड्ड्याकडे पाहिलं. चार वर्षांचं मूल त्यात कसं अलगद मावेल असं त्याला वाटलं. दोन दिवसांत परत लावू, असं स्वतःला सांगून त्यानं तो कपाटासमोर अंथरला. सोफ्याचं हिरवं मखमली कापड न्हाणीच्या दाराला बसलं.

दोन दिवस भिंगरी नव्या घरात पाहुण्यासारखी वावरली. तिसऱ्या दिवशी टोपी डोळ्यांवर आली, पाय अडखळला आणि ती तोंडावर पडली. पडली, आणि किंचित वर उडाली. ती काही वेळ तशीच पडून राहिली. रडावं की काय याचा विचार केला. मग उठली, दोन पावलं मागे गेली आणि पुन्हा पडली. या वेळी मुद्दाम.

आता इथे आजीनं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण घर इतकं मऊ झालं होतं की सासूबाई भिंतीला पाठ टेकून बसल्या की त्यांचा पाच मिनिटांत डोळा लागायचा. पन्नास वर्षांत अशी झोप लागली नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. त्या घोरत असताना भिंगरी पलंगावरून पडून पाहायची. पलंगाचा कंटाळा आला तेव्हा ती खुर्चीवरून पडली. खुर्चीनंतर टेबल आलं.

त्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना रक्त काढायच्या आधी मूल शोधावं लागलं. जाकीट उतरवलं, पट्टे सोडले, टोपी काढली. "आत आहे ना ही?" त्या म्हणाल्या. मग अंग तपासता तपासता त्यांनी विचारलं, "हे नवे डाग कसले?"

"शक्यच नाही डॉक्टर," गादीवाला म्हणाला. "पडायला जागाच ठेवली नाही मी. घरात एक उघडा कोपरा दाखवा."

आकडा बारा हजार होता. थोडा वर, पण डाग मात्र दुप्पट. गादीवाला घरी आला आणि भिंतीवर कापसाचा दुसरा थर चढवला. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि साप टेबलावर चढून उडी मारत होता.

दोन दिवसांत परत लावायचा तो सोफा तिसऱ्या आठवड्यातही उघडाच होता. शेवटी वकीलसाहेब स्वतः आले. "आज सोफा घेतल्याशिवाय मी हलणार नाही," ते म्हणाले, आणि बसायला काही नसल्यामुळे उभेच राहिले.

"मुलीची तब्येत, साहेब..."

"त्याची मला सहानुभूती आहे. सोफ्याचं काय?"

एवढ्यात मागच्या खोलीतून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ खिदळणं. वकीलसाहेबांनी मागचं दार ढकललं आणि आत पाय टाकला. भिंतीला टेकून एक म्हातारी झोपली होती. न्हाणीच्या दारावर त्यांचं हिरवं मखमल होतं. आणि कपाटासमोर, जमिनीवर, त्यांच्या खड्ड्यासकट त्यांचा फोम पसरला होता.

"हा माझा आहे!" वकीलसाहेब गरजले. माणूस आपली सही ओळखतो तसा त्यांनी तो खड्डा ओळखला. ते तसेच वाकले, फोमची कड धरली आणि सर्रकन ओढली. खालची फरशी उघडी पडली.

"बाबा, बघा!" वरून आवाज आला.

गादीवाल्यानं वर पाहिलं. भिंगरी कपाटावर उभी होती. कपाट त्याच्या छातीइतकं उंच. टोपी काढलेली, जाकीट काढलेलं, कारण उडताना त्यांची अडचण व्हायची. तिनं खाली पाहिलंच नाही. खाली रोज खड्डा असायचा.

गादीवाला धावला. पण चार इंची फोमात धावता येत नाही, हे त्या दिवशी त्याला कळलं. पाय रुतला, तो गुडघ्यांवर आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याची लेक हवेत गेली. ती वाकलेल्या वकीलसाहेबांच्या पाठीवर आपटली. वकीलसाहेब "अगं आई गं!" म्हणून आडवे झाले आणि भिंगरी त्यांच्यावरून घरंगळून फरशीवर आली.

सासूबाई जाग्या झाल्या. "काय झालं?"

भिंगरीचं डोकं फरशीला लागलं की नाही, हे कुणाला सांगता येईना. भिंगरी उठून बसली होती. ती रडत नव्हती, आणि त्याचंच गादीवाल्याला जास्त भय वाटलं.

दवाखान्यात त्यांना वकीलसाहेबांनीच नेलं. कंबर धरून, वाकडं बसून, त्यांनी गाडी हाणली. वाटेत एकदा "कायद्यानं बघायला गेलं तर..." असं सुरू केलं, आरशात मागे गादीवाल्याचा चेहरा पाहिला आणि पुढचं गिळून टाकलं. गादीवाल्यानं लेकीला मांडीवर धरलं होतं आणि तिला सारखं विचारत होता, डोकं दुखतं का, डोकं दुखतं का. शेवटी ती म्हणाली, "नाही, पण तुम्ही विचारलंत की दुखतं."

डोक्याचं स्कॅन झालं. ते स्वच्छ निघालं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बोटं मोजायला लावली, आणि तरी संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच ठेवलं. कोपरावर बशीएवढा निळा डाग उठला होता. आकडा अकरा हजार. बायको कचेरीतून थेट आली, लेकीच्या उशाशी बसली आणि तिच्याकडून सगळा वृत्तांत काढून घेतला: पलंग, खुर्ची, टेबल, खिडकी, कपाट, क्रमानं. भिंगरीनं काही लपवलं नाही. तिला त्याचा अभिमान होता.

बायको बाहेर व्हरांड्यात आली. गादीवाला बाकावर बसला होता. ते बाक लाकडी, कडक होतं आणि आज त्याला तेच बरं वाटत होतं.

"पडलं तरी लागत नाही, हे तुम्हीच शिकवलंत तिला," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. नुसतं सांगितलं.

गादीवाल्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. "मला दुसरं काही येत नाही गं," तो म्हणाला. "रक्तात जाऊन मला काही करता येत नाही."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तो नाक पुसत होता. त्यांनी त्याला रागावलं नाही. कोपऱ्यांचं राहू द्या, म्हणाल्या, तेवढं उत्तम केलंत. पण फरशी उघडी करा. चार वर्षांच्या मुलाला फरशी कडक आहे एवढं कळतं आणि ते तेवढ्यापुरतं जपतं. बाकीचं तुम्ही जपा, पण डोळ्यांनी, फोमनं नाही. आणि आजींना खुर्ची द्या, लाकडी.

दुसऱ्या दिवशी गादीवाल्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं काम उसवलं. वकीलसाहेबांचा सोफा दोन दिवसांत तयार झाला. घरात फक्त कोपरे तेवढे गुबगुबीत राहिले. भिंगरी उघड्या फरशीच्या काठावर उभी राहिली, एक पाय टेकवला आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, हे लागतं."

"हो बाळा. लागतं."

त्यानंतर ती खाली बसून चित्रं काढायला लागली. सगळा दिवस नाही, पण बराच. खरे हाल झाले ते गादीवाल्याचे. ती उठली की हा उठायचा, दोन्ही हात पसरून मागे मागे, कोंबडीमागे लागल्यासारखा. "तुमच्याच पायात अडकून पडेल ती," बायको म्हणायची. मग तो हात खिशात घालायचा, पण खिशातसुद्धा त्याच्या मुठी वळलेल्या असायच्या. कामात त्याचं लक्ष नव्हतं. एका खुर्चीला त्यानं कापड उलटं लावलं.

दर आठवड्याला आकडा यायचा. एकोणीस हजार. मग सतरा. त्या सतराच्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. सासूबाई लाकडी खुर्चीवरून फौजेला शिव्या देत होत्या, गादीवाला भिंतीकडे बघत होता. बायकोनं ताटं झाकून ठेवली, कागदावर तारीख आणि आकडा लिहिला आणि लेकीचे दात घासायला घेऊन गेली. सासूबाई जावयाला हळूच म्हणाल्या, "माझीच पोरगी आहे, पण काळीज दगडाचं आहे हो." गादीवाल्यालाही तसंच वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

मग एक्केचाळीस हजार झाले. मग नव्वद. नवे डाग यायचे थांबले, जुने पिवळे पडून विरून गेले. नवव्या आठवड्यात बायकोला रजा मिळाली नाही, तेव्हा गादीवाला एकटाच लेकीला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी अहवाल पाहिला, चष्मा काढला.

"एक लाख बासष्ट हजार. फौज शहाण्यासारखी परत गेली. महिन्यानं एकदा दाखवा, बाकी आता हिला खेळू द्या. पळू द्या, पडू द्या."

"किती उंचीवरून?" गादीवाल्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली.

त्यानं तिथूनच बायकोला फोन केला. "बरं," ती म्हणाली. "इथे टपाल पडलंय. ठेवते." आणि फोन ठेवला.

परतताना बाग लागत होती. भिंगरीनं त्याचा हात ओढला. नऊ आठवडे तो त्या बागेवरून मान खाली घालून गेला होता. आज तो आत गेला, हात सोडला आणि बाकावर बसला, म्हणजे बाकाच्या कडेवर. भिंगरी सुटली. घसरगुंडीला वळसा घातला, एका कबुतराला लांबवर पिटाळलं, आणि खडीच्या वाटेवर वळताना पाय सटकून जी सपशेल आपटली ती दोन हात घसरत गेली.

गादीवाला उठला. या वेळी पाय रुतायला काही नव्हतं, पण पायच उचलेना. मग तो पोचला. गुडघा चांगलाच फुटला होता. रक्त आलं, ओघळलं, मोज्यापर्यंत गेलं. भिंगरीनं भोकाड पसरलं. त्यानं स्वच्छ रुमाल गुडघ्यावर दाबला आणि घड्याळात पाहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं. रुमाल उचलून पाहावासा वाटत होता आणि धीर होत नव्हता. चौथ्या मिनिटाला त्यानं एक कड उचलली.

रक्त थांबलं होतं.

त्यानं पुन्हा पाहिलं. वाकून, नाक लावून पाहिलं. थांबलं होतं, अगदी कुणाच्याही पोराचं थांबतं तसं. गादीवाला खडीत बसला आणि हसायला लागला.

"अहो, पोरगी रडतेय आणि तुम्ही हसताय?" बागेतली एक बाई म्हणाली. "बाप आहात की कोण?"

"थांबलं हो बाई!" तो म्हणाला. "आपलं आपण थांबलं!" बाईनं आपलं मूल उचललं आणि दुसऱ्या बाजूला गेली.

त्यानं भिंगरीला खांद्यावर घेतलं आणि घरी न जाता टपाल कचेरीत गेला. खिडकीपाशी रांग होती. रांग मोडून, लोकांची बोलणी खात, तो बाजूच्या दारातून पत्रांच्या खोलीत घुसला. बायको खणांसमोर उभी होती, हातात पत्रांचा गठ्ठा. लेकीचा रडका चेहरा आणि रक्तानं माखलेला मोजा पाहून तिचा हात तसाच थांबला.

"खडीवर पडली," गादीवाला धापा टाकत म्हणाला. "चार मिनिटं. नुसता रुमाल लावला. बघ."

बायको जवळ आली. लेकीचा गुडघा तिनं दोन्ही हातांत धरला. रक्त सुकून काळपट झालं होतं आणि मधोमध खपली धरायला लागली होती, वेडीवाकडी, खडीचा एक कण अडकलेली. तिनं खपलीच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा कोरडा निघाला.

मग ती मागच्या पत्रांच्या पोत्यावर मटकन बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडून, नऊ आठवड्यांचं एकदम. गठ्ठा हातातून सुटला आणि पत्रं खोलीभर झाली. खिडकीतून रांगेतली माणसं आत डोकावू लागली. गादीवाल्यानं बायकोला असं कधीच पाहिलं नव्हतं. तिला जवळ घ्यावं की पत्रं उचलावीत हे त्याला कळेना, म्हणून तो तिच्या शेजारी त्याच पोत्यावर बसला.

भिंगरीचं रडणं केव्हाच थांबलं होतं. ती बाबांच्या मांडीवरून खाली उतरली, आईच्या समोर उभी राहिली आणि तिच्या साडीवरून तिचे गुडघे चाचपून पाहिले.

"आई," ती म्हणाली, "तू कुठे पडलीस?"